लेस मन्रो : धरणमोहिमेतून परतलेला वैमानिक

न्यूझीलंडमधील गिस्बोर्न येथे 1919 मध्ये जन्मलेले लेस मन्रो मेंढ्यांच्या कुरणांवर वाढले. दुसऱ्या महायुद्धात ते 617 व्या स्क्वाड्रनचे वैमानिक झाले. 16 मे 1943 च्या रात्री जर्मनीतील धरणे फोडण्यासाठी 19 लँकेस्टर विमाने निघाली. सोर्पे धरणाकडे जाणाऱ्या मन्रो यांच्या विमानावर डच किनाऱ्यावरील व्लीलँड बेटाजवळ विमानवेधी तोफांचा मारा झाला आणि सातही जणांना परस्परांशी जोडणारी संभाषणयंत्रणा निकामी झाली. तिच्याविना इतक्या कमी उंचीवरून हल्ला करणे अशक्यच होते. बॉम्बसह ते परतले.

मोहने व एडर ही धरणे फुटली. 53 हवाई सैनिक मारले गेले; पुरात हजाराहून अधिक माणसे बुडाली, त्यांत शेकडो वेठीचे परदेशी मजूर होते. विजयगाथांनी मात्र धरण फोडणाऱ्यांनाच अग्रस्थान दिले. माघारीचा तो निर्णय भीरुतेचा मानणे उचित नव्हे. मन्रो पुढेही लढत राहिले. जून 1944 मध्ये नॉर्मंडीवरील चढाईच्या वेळी धातूच्या पट्ट्या टाकून शत्रूच्या रडारला फसविणाऱ्या मोहिमेतही ते होते.

युद्धानंतर ते लोकर-कातरणीसाठी ख्यात असलेल्या ते कुईटी परिसरात शेतकरी व पुढे वाईटोमोचे महापौर झाले. लंडनमधील बॉम्बर कमांड स्मारकाच्या देखभालीसाठी 2015 मध्ये त्यांनी स्वतःची पदके विक्रीस काढली; एका देणगीमुळे ती विकावी लागली नाहीत आणि ऑकलंडच्या संग्रहालयाकडे गेली. त्याच वर्षी 4 ऑगस्टला त्यांचे निधन झाले.