परीक्षेचे गुण आणि घरचें वळण

पुणें-सोलापूर रस्त्यावरील वरवंड हें आज दौंड तालुक्यांतील गांव. पूर्वीं हा मुलूख भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. त्याच तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं कर्जाखालीं पिचलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली व कर्जरोखे हिसकावून जाळले. ज्या घरांत अशी विवंचना, त्या घरांतील मुलाच्या हातीं पाटी येणें कठीण. आणि आली तरी ती टिकणें त्याहून कठीण.

सात वर्षांनीं, ऑक्टोबर १८८२ मध्यें, महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर शिक्षण आयोगापुढें आपलें निवेदन सादर केलें. शेतकऱ्यांचीं मुलें शाळेंत कां येत नाहींत, याचें कारण त्यांनीं स्पष्ट सांगितलें: दारिद्र्य, आणि गुरें राखण्यासाठीं व शेत सांभाळण्यासाठीं घरीं त्यांची असलेली गरज. परंतु त्यांची दृष्टि याहून खोल गेली. सरकारी शिष्यवृत्त्या त्या काळीं चढाओढीनें दिल्या जात. ही रीति तत्त्वतः न्याय्य दिसते. तरी ज्या वर्गांत विद्येची गोडी आधींच लागलेली आहे, त्यांनाच तिचा लाभ होतो व इतरांत शिक्षण पसरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणून जेथें शिक्षण पोंचलेंच नाहीं अशा वर्गांसाठीं कांहीं शिष्यवृत्त्या ठेवाव्या, अशी सूचना त्यांनीं केली.

प्रश्नपत्रिका एकच असली, तरी ती सोडविणारीं घरें निरनिराळीं असतात. एका घरीं वडील संध्याकाळीं वाचून दाखवितात. दुसऱ्या घरीं त्याच वेळीं मूल गुरें बांधीत असतें. मोट, नांगर व पाभर यांची खडान्‌खडा माहिती असलेलें मूल पुस्तकी शब्दापाशीं अडखळतें, आणि परीक्षक त्याला मंद समजतो.

फुल्यांच्या निवेदनानंतर तेवीस वर्षांनीं, १९०५ मध्यें, फ्रान्समध्यें आल्फ्रेड बीने व सीमाँ यांची बुद्धिमापनाची कसोटी प्रसिद्ध झाली. पुढें ब्रुसेल्स येथें डॉ. डेक्रोली यांनीं सुखवस्तु घरांतील मुलांची त्याच कसोटीनें परीक्षा घेतली, तेव्हां तीं मुलें पॅरिसच्या सामान्य वस्तींतील मुलांच्या पुढें गेलेलीं दिसलीं. घरच्या वातावरणाचा हा परिणाम बीने यांनींही मान्य केला. आपल्याकडे डॉ. कामत यांनीं कानडी व मराठी मुलांसाठीं ही कसोटी नव्यानें जुळविली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं वेगळा मार्ग धरला. १९१९ मध्यें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें. घरीं जें मिळत नव्हतें, तें म्हणजे अभ्यासाची जागा, सोबत व शिस्त, तें मुलांना तेथें मिळूं लागलें.

परीक्षेंत पहिलें आलेल्या मुलाचें कौतुक सुशिक्षित घरांत अवश्य व्हावें. मात्र त्या गुणांत आपल्या दिव्याचा, पुस्तकांचा व निवांतपणाचा वाटा किती, याचाही हिशेब त्या घरानें करावा. मग ज्याला हा वाटा मिळाला नाहीं, त्याला मंद म्हणण्याचें धाडस होणार नाहीं.