डंडीचा केक आणि बदामाची वर्तुळे

शीरखुर्म्यावर बदाम-पिस्त्याच्या हवाया पेरताना त्या कुठून आल्या, असे आमच्या घरात कोणी विचारत नाही. केकवर बदाम लावले की मात्र विचारतात. एका रमजान ईदच्या आदल्या दिवशी नानखटाईच्या पत्र्यांबरोबर आम्ही सुक्या मेव्याच्या केकचा एक डबाही भट्टीवर न्यायला काढला, तेव्हा आमच्या खालाजान म्हणाल्या, "ये साहेब लोगां का नाताल का पकवान, ईद कू कायकू?" आम्ही शाळेत इतिहास शिकवतो, पण त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

ज्या केकच्या नकलेवर आमचा डबा भरला होता तो स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचा. त्याला साखरेचे जाड लेपण नसते, रंगीत फुले नसतात. सोललेले अख्खे बदाम एकात एक वर्तुळे करून वर बसवलेले असतात, तीच त्याची ओळख. या शहरात किलर घराण्याने 1797 च्या सुमारास संत्र्याच्या मार्मलेडचा धंदा सुरू केला, आणि 19व्या शतकात त्याच कारखान्याने हा केक मोठ्या प्रमाणावर काढून 'डंडी केक' हे नाव रूढ केले. कडवट संत्री हिवाळ्यातच मिळत. मार्मलेडचा हंगाम सरला की कारखान्याला दुसरे काम हवे असे. संत्र्याची साल केकमध्ये आली ती या शेजारामुळे. स्कॉटलंडच्या राणी मेरीला (1542-1587) चेरी आवडत नसे म्हणून बदाम आले, अशी एक कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिच्यामागे त्या काळचा कागद नाही. शाळेत मुलांना आम्ही अशा कथा सांगतो, फक्त कथा म्हणूनच सांगतो.

त्याच डंडीत बंगालच्या तागाच्या गिरण्या होत्या आणि त्यांत बहुसंख्य कामगार बाया होत्या, तुटपुंज्या मजुरीवरच्या. बदामाची ही वर्तुळे त्यांच्या ताटात कितीदा आली असतील, हा विचार केकच्या इतिहासात सहसा येत नाही.

आता त्या केकमधले जिन्नस पाहा. मार्मलेडची कडवट संत्री सेव्हिलची. हे शहर 1248 पर्यंत मुस्लिम सत्तेखाली होते आणि त्याचे अरबी नाव इश्बीलिया. कडवट संत्र्याचे झाड स्पेनमध्ये अरबांनी नेले. 12व्या शतकात याच शहरातल्या इब्न अल-अव्वाम यांनी शेतीवर 'किताब अल-फिलाहा' हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात फळझाडांच्या लागवडीला भरपूर जागा आहे. संत्र्याला अरबीत 'नारंज' म्हणतात, फारसीत 'नारंग', आणि दोन्हींच्या मागे आपले संस्कृत 'नारंग' उभे. आपण मराठीत नारिंग म्हणतो. पाकवलेल्या सालीला इंग्रज 'कँडीड' म्हणतात. तो शब्द अरबी-फारसी 'कंद' वरून, आणि 'कंद' संस्कृत 'खंड' वरून. आपल्या 'खडीसाखरे'तही तोच तुकडा आहे. केकमधल्या 'सुलताना' म्हणजे बिनबियांच्या मनुका, तुर्कस्तानच्या इझमीर बंदरातून युरोपात जाणाऱ्या. आपण त्यांना फारसीत 'बे-दाना', म्हणजे बेदाणे म्हणतो. गंमत अशी, की अमेरिकेत ज्या द्राक्षाला थॉमसन सीडलेस नाव मिळाले ते हेच सुलताना जातीचे द्राक्ष, आणि तासगावचे बेदाणे मुख्यतः त्याच जातीचे!

राहिला बदाम. अरबीत 'लौज'. बगदादच्या मुहम्मद इब्न अल-हसन यांनी 1226 मध्ये लिहिलेल्या 'किताब अल-तबीख' मध्ये साखर-बदामाचे 'लौझीनज' आहे. लखनौकडे बर्फीसारख्या मिठाईला अजून 'लौज' म्हणतात. हे फळ्यावर लिहिले तेव्हा आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात एकच गलका झाला. एका मुलीने उठून विचारले, "मग केक आपलाच झाला ना?"

मोह होतो. आपल्या सभासंमेलनांत असे फार चालते, की अमुक आमचे, तमुक आमच्याकडून चोरलेले. आम्ही तिला नाही म्हणून सांगितले. नारंग, कंद आणि लौज अनेक हातांतून तिथे गेले, पण वर्तुळे मांडणारा हात डंडीचा. तो हिसकावून घ्यायचा नाही. आणि साहेबाचा म्हणून दूरही सारायचा नाही. मुलगी खाली बसली. पटले की नाही ते कळले नाही.

मांडायची रीत साधी आहे. बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवायचे, की साल बोटांत सुटते. केक भट्टीत जाण्यापूर्वी कच्च्या पिठावर ते नुसते ठेवायचे, दाबायचे नाहीत. दाबले की फुगणारे पीठ त्यांना गिळते. मंद आचेवर दोनेक तास. बदाम करपू लागले तर वर कागद झाकायचा. काही जण पिठात व्हिस्की घालतात, आम्ही मोसंबीचा रस घातला.

पण त्या दिवशी घाईत बदाम लावायचेच राहिले. डबा भट्टीतून परत आला तो उघड्या माथ्याचा. मग मार्मलेड थोड्या पाण्यात उकळून गाळले, त्याचा हात केकवर फिरवला आणि काठापासून आत वर्तुळे मांडत गेलो. चिकट बदाम सरकत होते. तिसऱ्या वर्तुळाशी आलो तेव्हा खालाजान शेजारी येऊन बसल्या आणि उरलेले बदाम त्यांनीच लावले, आमच्यापेक्षा सरळ.

ईदच्या सकाळी पहिला तुकडा त्यांना दिला. त्यांनी एक बेदाणा काढून चाखला.

"तासगाव के?"

आम्ही हो म्हटले. त्यांनी ताटली पुढे केली.