‘ई’चा ‘ए’

परंड्यात किल्ल्याच्या वाटेवर एक दुकान आहे. वर पाटी, ‘स्टेशनरी व कटलरी’, आणि त्याखाली तेच इंग्रजीत. आत वह्या, कंपासपेट्या, लग्नपत्रिकांचे नमुने. काउंटरच्या काचेखाली टिकल्या, चापे, रबरबँड, नेलकटर. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. पुण्यात इंग्रजी शाळेत सातवीला आहे. वही घेता घेता तिनं मान वर केली आणि दुकानदारासमोरच म्हणाली, “मामा, स्पेलिंग चुकलंय. ई पाहिजे तिथं ए टाकलाय.”

मी जरा ओशाळलो. दुकानदार हसला. “बाळा, वीस वर्षं झाली पाटीला. वही न्यायला आलेलं गिऱ्हाईक अजून तरी त्या ‘ए’पायी माघारी गेलेलं नाही.”

पोरीचं बरोबर होतं. शेवटून तिसरं अक्षर. तिथं ‘ई’ असला तर अर्थ वह्या-पेनं-कागद, ‘ए’ असला तर अर्थ जागचं न हलणारं, अचल. म्हणजे वीस वर्षं ती पाटी सांगत होती की हे दुकान इथून हलत नाही. तेही खरंच होतं म्हणा. पण एका अक्षराच्या फरकानं हे दोन शब्द असे शेजारी-शेजारी राहायला आले कुठून, हा प्रश्न मला त्या दिवसापासून चावत राहिला.

मूळ लॅटिनमधलं आहे, ‘उभं राहणं’ या अर्थाचं. आपल्या संस्कृत ‘स्था’ धातूचं ते सख्खं भावंड. त्यामुळं स्थान, स्थिर, ठाणं आणि इंग्रजांचं ‘स्टेशन’ ही सगळी एकाच कुळातली मंडळी. पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणं म्हणतो तेव्हा एका भावाच्या जागी दुसरा भाऊ बसवतो, इतकंच. मध्ययुगीन युरोपात बहुतेक किरकोळ माल फिरत्या विक्रेत्यांकडून मिळायचा. आज इथं, उद्या पुढच्या जत्रेत. विद्यापीठांच्या गावी मात्र पुस्तकवाल्यांना एका जागी बसावं लागे. हा जागेवर बसणारा पुस्तकवाला म्हणजे ‘स्टेशनर’. माणसाचं नाव त्याच्या न हलण्यावरून पडलेलं.

त्याला बसावं का लागे, तेही बघण्यासारखं आहे. बोलोन्या, पॅरिस इथल्या विद्यापीठांत छपाई येण्याआधी पुस्तक विकत घेण्यापेक्षा उतरवून घेण्याची रीत होती. स्टेशनरकडे ग्रंथाची तपासलेली, मंजूर झालेली प्रत असायची. ती बांधलेली नसे, सुट्या जुड्यांत असे. विद्यार्थी एक जुडी भाड्यानं न्यायचा, उतरवून परत करायचा आणि पुढची न्यायचा. भाडं विद्यापीठ ठरवून देई, मूळ प्रत शुद्ध आहे ना हेही विद्यापीठच बघे. ज्याच्याकडं शुद्ध मूळ प्रत आहे तोच उद्या दुसऱ्या गावाला निघून गेला, तर सगळ्यांची अर्धी-अर्धी पुस्तकं अधांतरी.

इथं मला डोमगाव आठवलं. आमच्याच तालुक्यात, सीनेच्या काठी. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी तिथं आहे. समर्थांनी सांगायचं आणि कल्याणांनी लिहायचं, असा दासबोध लिहिला गेला. आणि कल्याणांच्या हातची, समर्थांनी स्वतः तपासून दुरुस्त केलेली म्हणून जी प्रत मानतात ती या डोमगाव मठाची. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दासबोध छापला तो याच प्रतीच्या आधारानं. म्हणजे बोलोन्यात जे काम स्टेशनर करायचा, शुद्ध प्रत एका जागी धरून बसायचं, ते सीनेकाठी मठानं केलं. भाडं तेवढं घेतलं नाही.

त्याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हे कशाला, असं पूर्वी मला वाटायचं. आता वाटतं, की परंडा तालुक्यातला हा स्टेशनरीचा सगळ्यात जुना कॅटलॉग आहे. देशोदेशीचे बोरू आणा, ते बारीक आणि सरळ असू द्या. टाक तोडायची हत्यारं, रेघा आखायची साधनं, हिंगूळ हे सगळं संग्रही ठेवा. चारही बाजूंनी समास सोडून मधे लिहा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. शेवटचं अक्षर पहिल्यासारखंच यावं, सगळा ग्रंथ एका टाकानं लिहिल्यासारखा दिसावा. हा उपदेश करणारा माणूस नुसता सांगत नव्हता. लिहून झालेलं हातात घेऊन चुका काढत होता.

तिकडं लंडनमध्ये 1403 मध्ये लेखनिक आणि पुस्तकवाल्यांचा एक संघ झाला. पुढं छपाई आली आणि 1557 मध्ये या स्टेशनर मंडळींना राजसनद मिळाली. मग कुठलं पुस्तक कुणी छापायचं याची नोंद त्यांच्याच चोपडीत व्हायला लागली. त्यांना टाळून इंग्लंडात छपाईचा धंदा करणं अवघड झालं. हळूहळू पुस्तकं छापणारे वेगळे झाले, विकणारे वेगळे झाले, आणि ‘स्टेशनर’ हे नाव उरलं ते कागद, शाई, लाख, पिसांचे टाक विकणाऱ्याकडं. अठराव्या शतकात त्याच्या मालालाही नाव लागलं, ‘स्टेशनरी’. ते बनलं कसं? बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. धंदेवाल्याच्या नावाचा शेवट ई-आर, म्हणून मालाच्या नावात ‘ई’. अचल या अर्थाचा शब्द मात्र सरळ लॅटिनातून आला, आपला ‘ए’ घेऊन. म्हणजे ही जुळी भावंडंही नव्हेत. एक आजोबा आणि एक नातू, चेहरा तेवढा एक.

हे कळल्यावर मी पुन्हा त्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो, आणि हसूच आलं. पाटीवरचा दुसरा शब्द, कटलरी, पेंटरनं अगदी शुद्ध काढला होता. त्यात ई-आर-वाय व्यवस्थित. कटलर म्हणजे चाकू-सुऱ्या करणारा, त्याची कटलरी; बेकरी-ग्रोसरीचाच नियम. चुकलेल्या शब्दाचं उत्तर त्याच पाटीवर शेजारी रंगवलेलं होतं! आणि गंमत पुढंच आहे. ज्याचं स्पेलिंग चुकलंय त्या शब्दाचा अर्थ दुकानात बरोबर सापडतो. ज्याचं स्पेलिंग बरोबर त्या कटलरीत मात्र नेलकटर सोडलं तर पातं असलेली वस्तू नाही. इंग्रज माणूस काटे-चमचे मागायला आला तर त्याच्या पुढ्यात टिकल्यांचं पाकीट येईल. महाराष्ट्रभर बाजारपेठांत कटलरी म्हणजे टिकल्या, चापे, कानातली, हे आता इतकं पक्कं बसलंय की त्याला चूक म्हणणाराच चुकीचा ठरेल. ते मराठी झालं.

कागदाचंही तसंच. “दोन दस्ते फुलस्केप द्या” म्हणताना आपल्या मनात ‘फुल’ असतो, पूर्ण आकाराचा कागद. मुळात तो इंग्रजीतला ‘फूल’ आहे, मूर्ख. विदूषकाच्या घुंगरांच्या टोपीचं जलचिन्ह पंधराव्या शतकापासून युरोपातल्या कागदांवर असायचं. टोपीवरून कागदाच्या मापाला नाव पडलं. आपण उकार ऱ्हस्व केला आणि विदूषकाला शहाणं करून टाकलं.

हे शब्द परंड्यात आले कुठून? माझा अंदाज, बार्शीहून. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, पण 1948 पर्यंत ती दोन राज्यं होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तिथं 1897 मध्ये कुर्डुवाडीहून छोटी रेल्वे आली, म्हणजे खरंखुरं स्टेशनही आलं. तिकडच्या पोरांच्या हाती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं, आणि कचेरीतली भाषाही उर्दू. माझे आजोबा उर्दू शाळेत शिकले. इंग्रजी त्यांना सही करण्यापुरतं येई. पण अक्षरांच्या चुकांची भीती त्यांच्याइतकी मी कुणात बघितली नाही. सांगायचे, “तुमच्या इंग्रजीत अक्षर बदलावं लागतं. आमच्याकडं नुसता नुक्ता वरचा खाली आला की खुदाचा जुदा होतो. नुक्ता जास्तीचा पडला की दुआचा दगा.” लिहून झालं की ते कागद तिरका धरून टिंबं मोजायचे, पैसे मोजावेत तशी.

मोडीत उलटा प्रकार. तिथं इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेदच पाळत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात, वाचणाऱ्यानं संदर्भावरून ओळखायचं. ‘ध’चा ‘मा’ आपण सगळे सांगतो, 1773 चा, नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा. पण तो मुद्दाम केलेला म्हणून सांगतात. पाटीवरचा ‘ए’ कुणाच्या वाइटावर नव्हता.

मी पाचवीत इंग्रजी शिकायला लागलो. आमचे सर पाठच करून घेत. आता मला कळतं की अडचण आमच्या टाळक्यात जितकी होती तितकीच लिपीत होती. देवनागरी कानाला ऐकू येईल ते लिहिते. ‘स्टेशनरी’ आम्ही एकदाच लिहायचो आणि दोन्ही अर्थ त्यात मावायचे. ‘प्रिन्सिपल’ही तसंच: पी-ए-एल असेल तर प्राचार्य किंवा सावकाराचं मुद्दल, पी-एल-ई असेल तर तत्त्व. सावकाराकडं मुद्दल असायचंच, तत्त्व असेलच असं नाही. मराठीत लिहिताना फरक दिसत नाही. स्मरणिकांतल्या जाहिरातींत ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’ असतं. त्यात मधे ‘आय’ हवा. ‘ई’ पडला की शुभेच्छांची पुरवणी होते. इथंही मूळ एकच, लॅटिनमधलं ‘पुरं भरणं’. आणि ‘लूज’! नट लूज झाला, कपडे लूज झाले, पोट बिघडलं की लूज मोशन. सैल या अर्थाचा इंग्रजी शब्द खरा ‘लूस’ असा, दोन ओंचा. एका ओचा, शेवटी ज ऐकू येणारा, तो हरवणं-गमावणं. आपण सैल वस्तूला हरवलेल्याचा उच्चार दिला, आणि मग लिहिताना एक ओ की दोन, हा घोळ आयुष्यभर.

भाचीनं मला तिच्या शाळेतली खूण सांगितली: एन्व्हलपचा ई, म्हणून कागदवाली स्टेशनरी ई-वाली. चांगली आहे. मी तिला माझी दिली: अचल शब्द ‘अ’नं सुरू होतो, म्हणून न हलणारीला ए. तिनं लगेच विचारलं, “इथं न हलणारं काय आहे?” मी किल्ल्याकडं बोट केलं. मग सांगावं लागलं, की तिथली सगळ्यात न हलणारी वाटावी अशी वस्तू, मुलूख मैदान तोफ, 1549 मध्ये नगरला ओतलेली, पंचावन्न टनांची, ती 1632 मध्ये इथून विजापूरला गेली. ती म्हणाली, “मग हिला ई.”

आमच्या आठवडी बाजारात अजूनही पालं पडतात. वह्या-पेनं, टिकल्या-बांगड्या घेऊन माणसं गावोगावचे बाजार करतात. आज इथं, उद्या भूमला. त्यातल्या एखाद्याला पुढंमागं गाळा मिळतो आणि तो बसतो. त्या दुकानदाराचे वडील असंच पाल मारायचे, हे त्यानंच मला सांगितलं, पाटीबद्दल मी पुन्हा विचारायला गेलो तेव्हा. पोरानं गाळा घेतला, पाटी लावली. बोलोन्यातल्या त्या पहिल्या माणसाला स्टेशनर का म्हणाले, हे याला सांगायची गरज नव्हती.

“पाटी कुणी रंगवली?” मी विचारलं.

“पेंटर वारला. मी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं होतं. इंग्रजी त्यानं दुसऱ्या एका पाटीवरून बघून काढलं.”

यंदा दुकानाला नवीन फ्लेक्स आलाय, रंगीत, कोपऱ्यात मोबाइल नंबर. कॉम्प्युटरवर केलेला. कॉम्प्युटर चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारतो, पण हा शब्द त्याच्या लेखी चुकलेला नाही. दोन्ही स्पेलिंगं कोशात आहेत. डिझाइन करणाऱ्या पोरानं मोबाइलवर जुन्या पाटीचा फोटो काढला होता आणि त्यावरून बघून टाइप केलं. ‘ए’ जागच्या जागी आहे.