हंसाची शिदोरी



हंस मोती खातो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दूध आणि पाणी वेगळे करण्याची त्याची ख्याती तर न्यायनिवाड्याच्या गोष्टींतही उपयोगी पडते. परंतु हंस खरोखर काय खातो, हे पाहण्यासाठी पहाटे उठून चिखलात उभे राहण्याची तसदी आपल्यापैकी फार थोड्यांनी घेतली असेल. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे मी मजुरीचा आणि भाकरीचा हिशेब करीत आलो. भाकरी कोठून येते, ती कोण पिकवतो आणि तिची किंमत कोण मोजतो, एवढेच प्रश्न मला विचारता येतात. आज तेच प्रश्न मी एका पाहुण्या पक्ष्याविषयी विचारणार आहे.

आपल्या वाङ्मयातला हंस म्हणजे कोणता पक्षी, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. फोगेल नावाच्या डच पंडिताचा यावरचा एक ग्रंथच १९६२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात त्याने हा हंस म्हणजे लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी नसून रानहंस होय, असे दाखवून दिले. आपल्या महाराष्ट्रात हिवाळ्यात येणारा असा रानहंस म्हणजे पट्टकादंब. अंग राखाडी, डोके पांढरे आणि त्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया येथील तळ्यांकाठी तो पिले वाढवतो आणि थंडी पडू लागली की हिमालय ओलांडून खाली उतरतो. उपग्रहाने माग काढता येणारी यंत्रे शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या अंगावर बसवली, तेव्हा सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद मिळाली. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी घातलेले पट्टकादंब दक्षिण हिंदुस्थानातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत.

कालिदासाने 'मेघदूता'त हंसांना मानसरोवराकडे धाडताना कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी बरोबर दिली आहे. त्याचे हंस पावसाच्या तोंडाशी निघतात. आपले पट्टकादंब चैत्रापर्यंत निघून गेलेले असतात. पण शिदोरीची गोष्ट मात्र खरी आहे. ही शिदोरी चोचीत नसते, कातडीखाली असते. हिवाळाभर चरून साठवलेली चरबी हेच परतीच्या प्रवासाचे इंधन. म्हणून हिवाळ्यातला चारा हा हंसाच्या जन्ममरणाचा प्रश्न आहे.

आणि हा चारा पचवणे सोपे नाही. गाईम्हशींना रवंथ करता येते, हंसाला येत नाही. गवत त्याच्या पोटातून दोनतीन तासांत निघून जाते आणि त्यातला थोडाच अंश अंगी लागतो. त्यामुळे पोटासाठी त्याला दिवसाचे, प्रसंगी रात्रीचेही, कितीतरी तास चरावे लागते. तुटपुंज्या रोजावर लांब पाळी करणाऱ्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

येथे मी आपणांस जरा दूर, युरोपच्या किनाऱ्यावर नेतो. कारण हंसाच्या चाऱ्याचा इतिहास तेथे स्पष्ट वाचता येतो. ब्रेंट नावाचा लहानसा काळपट हंस सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून निघतो आणि इंग्लंड, हॉलंड, फ्रान्स यांच्या किनाऱ्यांवर हिवाळा काढतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे उथळ समुद्रात उगवणारे झोस्टेरा नावाचे गवत. ओहोटी लागली की चरायचे, भरती आली की थांबायचे. म्हणजे त्याची पाळी समुद्र ठरवतो. १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत या गवतावर एका सूक्ष्म जीवामुळे रोग पडला आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरची बहुतेक कुरणे नाहीशी झाली. ब्रेंट हंसांची संख्या भराभर घटली. जे तगले त्यांनी हिरव्या समुद्री शेवाळावर दिवस काढले. इंग्लंडने १९५४ च्या कायद्याने त्यांच्या शिकारीस बंदी केली, संख्या पुन्हा वाढू लागली. पण समुद्रातले ताट पूर्वीइतके भरलेले नव्हते. १९७० नंतर हे हंस समुद्राच्या बांधापलीकडे, शेतकऱ्यांच्या कोवळ्या गव्हात उतरू लागले. शेतकरी संतापला, ते साहजिक होते. परंतु हंस चोर झाला नव्हता. त्याचे जुने ताट मोडले होते आणि नवे ताट माणसाने बांधाच्या अलीकडेच मांडून ठेवले होते.

आता महाराष्ट्रात परत येऊ. येथे चित्र थोडे उलटे आहे. तेथे जुने ताट मोडले. येथे नवे ताट मांडले गेले, आणि ते मांडले धरणांनी. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ साली केली आणि उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ साली झाले. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. कालव्यांना पाणी सुटते, जलाशय हळूहळू आटत जातो, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यावर कोवळे गवत उगवते. हंसाला याहून चांगले कुरण कोणते? नांदूर मध्यमेश्वर आणि जायकवाडी या दोन्ही ठिकाणी १९८६ साली पक्षी अभयारण्ये जाहीर झाली, ती उगीच नव्हेत.

पण त्या गाळावर केवळ गवतच उगवत नाही. त्याच ओलीवर माणसे गहू-हरभरा पेरतात. यास गाळपेर म्हणतात. ज्यांची जमीन धरणात बुडाली, अशी कुटुंबेही या मोसमी तुकड्यांवर पोट भरतात. कामानिमित्त मी एकदा पौष महिन्यात नाथसागराच्या काठी गेलो होतो. दिवसभर पाण्याकडेला निवांत बसलेले हंस संध्याकाळी आवाज करीत उठले आणि कडेच्या शेतांवर उतरले. सकाळी एका शेतकऱ्याने मला खुरटलेला गहू दाखवला. वरून खुडलेले रोप पुन्हा फुटते, पण ओल्या गाळातून मुळासकट उपटलेले रोप गेले ते गेले, हे मी त्याच्याकडून शिकलो. त्याने पक्ष्यांना शिवी दिली नाही. मात्र दुर्बिणी घेऊन येणारी मंडळी पाण्याकडे पाहतात, शेताकडे पाहत नाहीत, एवढे तो बोलला.

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण मी लोधिवलीचा. आमची पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, ती घाटमाथ्यावरच्या तलावांच्या पाण्यावर. १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथे वीज करून उरलेले पाणी नदीत सुटते, आणि त्या पाण्याच्या आधाराने आमच्याकडे कारखाने आले. आणि ज्या हंगामात पट्टकादंब महाराष्ट्रात उतरतो, नेमक्या त्याच हंगामात कर्जत-खालापूरची कातकरी कुटुंबे घरांना कुडे लावून वीटभट्टीवर निघतात. पावसाळ्यातल्या उपासमारीत घेतलेली उचल हिवाळाभर फेडायची आणि पावसाआधी परत यायचे. माणसाला पक्ष्याची उपमा देण्याचा माझा हेतू नाही. हंस उचल घेत नाही. तो चरबी साठवून परततो. आमचा कातकरी पुष्कळदा रिकाम्या हाताने, कधी नव्या कर्जानिशी परततो. स्थलांतर करणाऱ्याच्या ताटात काय पडते, हे त्याच्या स्वभावावर नव्हे, तर जमीन आणि पाणी यांची वाटणी कशी झाली यावर ठरते. हंसाचा इतिहास मला हेच सांगतो.

मग करावयाचे काय? हंसाला हाकलावे असे मी म्हणणार नाही. हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याला घास नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही. पण पाहुणा साऱ्या गावाचा आणि जेवणाचा खर्च एकाच गरीब घराचा, हा कोठला न्याय? हॉलंडमध्ये हंसांनी केलेल्या नुकसानीची भरपाई शेतकऱ्यांना सार्वजनिक पैशातून दिली जाते. ज्या समाजाला पक्षी हवा आहे, त्याने त्याच्या चाऱ्याचा खर्च सामाईक खात्यात मांडावा. ज्याची जमीन एकदा पाण्याखाली गेली, त्याच्या गाळपेरावर दुसऱ्यांदा कर बसवू नये. मग तो कर सरकारने बसवो की पक्ष्याने.

यंदाचे हंस आता उत्तरेच्या वाटेवर असतील. त्यांच्या कातडीखाली जी शिदोरी आहे, तीत गोदाकाठचे गवत आहे आणि कोणा धरणग्रस्ताचा मूठभर गहूही आहे. पुढच्या कार्तिकात आपण नांदूरला, पैठणला किंवा उजनीला पक्षी पाहण्यास जाल, तेव्हा पाण्याकडे पाहून झाल्यावर एकदा मागे वळून शेताकडेही पाहावे, आणि शेतात कोणी उभा असेल तर त्याचा हिशेब ऐकून घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.