खोक्यापासून मखरापर्यंत

श्रावण सरत आला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "यंदा मखराचं काय?" मग माळ्यावरची जुनी खोकी खाली येतात. कोणी बुटाचे खोके शोधतो, कोणी वाण्याकडून साबणाचे रिकामे खोके मागून आणतो. चुलीवर खळ शिजते, पोरे कातर घेऊन बसतात. आणि ओटीवरून एखादे आजोबा म्हणतात, "अरे, हा उकिरड्यावरचा माल देवापुढे मांडणार होय?"

आज मला या आजोबांशीच थोडे बोलायचे आहे. ज्याला ते उकिरड्यावरचा माल म्हणतात, त्याचे कूळ पाहायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, कागद हा मुळातच टाकाऊतून जन्मला. चीनच्या दरबारात त्साय लुन नावाचा एक अधिकारी होता. त्याने इ. स. १०५ मध्ये कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली. साहित्य काय, तर झाडाची साल, अंबाडीसारखे तंतू, फाटक्या चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी! आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादेजवळचे कागझीपुरा ही हातकागदाची नावाजलेली ठिकाणे. आपल्या देशातले कागदी लोकही जुने दोर, गोणपाट, चिंध्या कुटून लगदा करीत. म्हणजे ज्या कागदावर पोथी लिहिली आणि देव्हाऱ्यात ठेवली, तोही एकेकाळी कोणाच्या तरी अंगणातला केरच होता.

दुसरी गोष्ट काश्मीरची. तिथे पंधराव्या शतकात झैन-उल-आबिदीन हा सुलतान होऊन गेला. त्याने बाहेरून कारागीर आणून काश्मिरात अनेक हुन्नर रुजवले अशी परंपरा आहे. कागदाच्या लगद्याचे काम त्यातलेच. रद्दी भिजत घालायची, कुटायची, तांदळाची खळ मिसळायची आणि साच्यावर थापायची. वाळले की कापून साच्यावरून सोडवायचे, पुन्हा सांधायचे, घासून गुळगुळीत करायचे. इथवरचे काम साख्तसाजाचे. त्यावर फुलापानांची वेल काढतो तो नक्काश. या कामात कलमदाने फार होत, म्हणून त्या कलेला कलमदानीचे काम असेही नाव पडले.

आपल्या आयाबायांना काश्मीर कुठले ठाऊक असणार? पण रीत ठाऊक होती. जुने कागद दोनचार दिवस भिजवायचे, त्यांत मेथीची पूड घालून उखळात कुटायचे आणि पालथ्या भांड्यावर लगदा थापून टोपली करायची. मेथीमुळे चिकटपणाही येतो आणि कडूपणाही. अशा टोपलीत धान्य, डाळी, सुपाऱ्या वर्षानुवर्षे राहिल्या. टोपलीवर चुन्याचे ठिपके, गेरूची नक्षी. ही घरातली सजावटच होती, फक्त तिला सजावट म्हणायची पद्धत नव्हती.

आता आपल्या खोक्याकडे येऊ. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी हेन्री क्ले याने १७७२ साली एका रीतीचे पेटंट घेतले. कागदाचे ताव एकावर एक चिकटवायचे, तेल पाजायचे आणि भट्टीत तापवायचे. असा पुठ्ठा लाकडासारखा टणक होई. त्याची तबके झाली, टेबले झाली, घोडागाडीच्या फळ्याही झाल्या.

पण आपल्या हाती येते ते खोके निराळे. त्याच्या पोटात नागमोडी कागद असतो. असा चुण्यांचा कागद पहिल्याने निघाला तो साहेबाच्या उंच टोपीला आतून अस्तर लावायला. ते पेटंट १८५६ सालचे, इंग्लंडातले. पुढे १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तोच कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याला सपाट कागदाची जोड दिली, आणि आजच्या पन्हळी पुठ्ठ्याचा पाया पडला.

इतका हलका कागद ओझे कसे पेलतो, हे मी एका फजितीतून शिकलो. आमच्या शाळेत एका वर्षी मुलांनी पुठ्ठ्याचे सुरेख मखर केले. चार खांब, वर कमान. भाद्रपदातली सर्द हवा. सकाळी येऊन पाहतो, तर खांब गुडघ्यात वाकलेले आणि कमान मूर्तीच्या मुकुटाला टेकलेली! मुले रडकुंडीला आली. मग एक खांब फाडून पाहिला. पन्हळी आडव्या आल्या होत्या. पन्हळी उभ्या असल्या म्हणजे प्रत्येक चुणी एकेक बारीक खांब होते. आडव्या असल्या तर पुठ्ठा तिथेच मोडतो. त्या दिवशी मुलांना जे कळले, ते फळ्यावर लिहून कळले नसते.

टाकाऊ कागदाला हात लावायला मोठी माणसेही लाजली नाहीत. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर सरदार वल्लभभाई होते. तिथे सरदार रद्दी कागदांची पाकिटे करीत बसत. गांधीजी तर आलेल्या पत्राच्या कोऱ्या बाजूवरच लिहीत. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागदाचा धंदाही हाती घेतला.

पुढे थर्मोकोल आले. पांढरे शुभ्र, हलके, तयार. हातातली कातर सुटली आणि मखर बाजारातून येऊ लागले. पण विसर्जनानंतर ते कुजेना, नदीनाल्यांत तुकडे तरंगत राहिले. अखेर २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने बंदीची अधिसूचना काढली, सजावटीचे थर्मोकोलही तिच्यात आले. आणि पुठ्ठा पुन्हा घरात आला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात हे काम घ्याल तर चार गोष्टी सांभाळा. खांबाच्या पन्हळी उभ्या ठेवा. घडी घालायच्या जागी आधी बोथट सुरीने रेघ ओढा, म्हणजे पुठ्ठा फाटत नाही. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणी करणारे मोरचूद घालतात, पण ते विष आहे, मुलांच्या हाती देऊ नका. त्यापेक्षा खळ रोजची रोज ताजी करा. आणि समई, निरांजन मखरापासून चांगले हातभर दूर ठेवा, कारण पुठ्ठा झाला तरी तो कागदच. सण झाला की मखर घडी करून माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी चालेल. अगदीच मोडले, तर चिकटपट्टी आणि चकचकीत कागद सोडवून खताच्या खड्ड्यात घाला.

आणि हो, आजोबांना बाजूला बसवू नका. पतंगाची कामटी वाकवलेले, आकाशकंदिलाला कागद ताणून लावलेले हात आहेत ते. त्यांच्यापुढे खोके ठेवा आणि म्हणा, "आजोबा, कमान तेवढी तुम्ही कापून द्या." माझी खात्री आहे, ते चष्मा पुसतील आणि कातर मागतील.