बॉस्टनहून नगरला

अमेरिकेतल्या चर्चची तरुण मुलं हल्ली सुटीत परदेशी जातात. कुठल्याशा खेड्यातल्या शाळेत दोन आठवडे मुलांना गाणी शिकवायची, भिंती रंगवायच्या आणि विमानानं घरी परतायचं. याला ती ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. अशी एक हकिकत ऐकली, की मला सिंथिया फॅरार आठवतात. या बाईही अशाच निघाल्या होत्या, पण त्यांची सफर चौतीस वर्षं चालली.

फॅरारबाई न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावच्या. जन्म १७९५चा, पेशा शिक्षिकेचा. अमेरिकन मिशनची माणसं मुंबईत १८१३ सालीच येऊन पोचली होती आणि १८२४ मध्ये त्यांनी मुलींची शाळाही काढली होती. पण त्यांचा गॉर्डन हॉल हा खंदा माणूस १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानं गेला. मिशनऱ्यांच्या बायका घर, मुलं आणि आजारपणं यांतून शाळांना कितीसा वेळ देणार? तेव्हा मुलींच्या शाळांसाठी एक स्वतंत्र बाई पाठवा, अशी मागणी मुंबईहून गेली. लग्न न झालेली बाई एकटी एवढ्या लांब धाडायची, हा त्या काळी धाडसाचाच निर्णय होता. परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी म्हणून त्यांचं नाव घेतात, ते मात्र तितकंसं खरं नाही. बेट्सी स्टॉकटन ही गुलामीत जन्मलेली कृष्णवर्णीय शिक्षिका १८२३ सालीच हवाई बेटांवर पोचून तिथल्या मुलांना शिकवू लागली होती. पहिलेपणाचा मान वाटताना तिला विसरतात, एवढंच.

जून १८२७ मध्ये बॉस्टनहून निघालेल्या फॅरारबाई कलकत्त्यामार्गे डिसेंबरअखेर मुंबईला उतरल्या. सुएझचा कालवा व्हायला अजून चार दशकं होती. इथं पहिलं काम म्हणजे मराठी शिकणं! मिशनच्या शाळांत शिकवणारे पंतोजी बहुधा ब्राह्मण. बाईंनी शाळा-शाळांतून फिरून देखरेख करायची, परीक्षा घ्यायच्या. वाचन, लेखन, हिशेब, शिवणकाम, आणि अर्थातच बायबल.

या ‘अर्थातच’पाशी जरा थांबायला हवं. या शाळा धर्मप्रसारासाठी निघाल्या होत्या आणि मिशननं ते कधी लपवलंही नाही. आईबापांची धास्ती खोटी नव्हती. मुंबईत १८३९ साली दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेतली पोरं पालकांनी भराभर काढून घेतली. पुढं १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनऱ्यांकडून परत मिळवण्यासाठी बापाला कोर्टात जावं लागलं. अशा हवेत मुलीला, तीही मिशनच्या, शाळेत धाडणारा बाप काय ऐकून घेत असेल, याचा विचार करा. आणि तरीही मुली येत होत्या, कारण मुलीला अक्षरओळख करून देणारी दुसरी शाळा होतीच कुठं?

प्रकृतीपायी बाई १८३७ साली मायदेशी गेल्या. राहिल्या असत्या, तर कुणी बोल लावला नसता. १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. या शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण आपल्या मित्राबरोबर आला. जोतीराव फुले त्याचं नाव. ते स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, तेव्हा मिशनची भीड नव्हती की भुरळही नव्हती. फॅरारबाईंच्या शाळा पाहून आपल्याला फार आनंद झाला आणि मग आपण पुण्यात मुलींची शाळा काढली, असं त्यांनीच पुढं निवेदनात सांगितलं. भिडेवाड्यातली ती शाळा १८४८ची. सावित्रीबाईंनीही नगरला फॅरारबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

गंमत पाहा, बाई आल्या होत्या बायबल शिकवायला. जोतीरावांनी त्यांच्याकडून मुलींचा वर्ग तेवढा उचलला, बाप्तिस्मा नाही घेतला. मिशनच्या हिशेबात हे जमेला धरायचं की खर्ची, हे बॉस्टनच्या मंडळींनाच ठाऊक!

फॅरारबाई जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. तोवर पुण्यातल्या शाळेच्या पहिल्या मुली लेकुरवाळ्या झाल्या असतील.