घासाघीस कोणाला परवडते?

‘पॉन स्टार्स’ ही अमेरिकन मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. लास व्हेगासमधलं हॅरिसन कुटुंबाचं ‘गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप’ म्हणजे गहाणवटीचं दुकान. काउंटरमागे टकलू रिक, येताजाता टोमणे मारणारे त्याचे वडील (त्यांना सगळे ‘ओल्ड मॅन’च म्हणत; २०१८ मध्ये ते वारले), रिकचा मुलगा कोरी आणि कोरीचा बालमित्र चमली. २००९ च्या जुलैत हिस्टरी चॅनेलवर ही मालिका सुरू झाली. माझा सगळा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. कोणी जुनी तलवार किंवा नाणं हातात धरून बोलू लागलं की माझे कान टवकारतातच. शिवाय रिक हा शाळा अर्धवट सोडलेला माणूस. लहानपणी फिट्स येत म्हणून अंथरुणात पडून पुस्तकं वाचायचा, तेवढ्या भांडवलावर तो इतिहास सांगतो. आम्हा मास्तरांना हे जरा झोंबतं, पण कौतुकही वाटतं.

प्रत्येक भागाचा साचा ठरलेला. गिऱ्हाईक एक चमत्कारिक वस्तू आणून ठेवतं : यादवी युद्धातली तलवार, जुनं जुगाराचं यंत्र, सही केलेला बेसबॉल. रिक तिचा इतिहास सांगतो आणि विचारतो, विकायची की गहाण ठेवायची? उत्तर बहुतेक वेळा ‘विकायची’. शंका असेल तर तज्ज्ञ येतो. तज्ज्ञाने हजार डॉलर सांगितले की गिऱ्हाईक लगेच हजार मागतं. रिक हसतो आणि पाचशेवर येतो. का? तर वस्तू वर्षभर कपाटात पडून राहील, लिलावात दिली तर लिलाववाले दलाली घेतील, डागडुजीचा खर्च आहेच, आणि दुकानही चालवायचंय. मग आठशे, साडेपाचशे, सातशे करत सहाशेवर हात मिळवले जातात.

आपल्याला यात काय मोठं, असं वाटेल. आपल्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरूनही एवढं नाट्य होतं! पण अमेरिकन माणसाला याचं अप्रूप आहे. तिथे दुकानात भाव करण्याची सवय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मोडली. क्वेकर पंथाचे लोक म्हणत, एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा हे खोटेपणाचं आहे. पुढे १८७६ मध्ये फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी प्रचंड मोठं दुकान थाटलं आणि वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावण्याची पद्धत रुळवली. सगळ्यांना एकच भाव. तेव्हापासून तिथल्या सामान्य माणसाला घासाघीस करायची ती मोटार घेताना, घर घेताना, नाहीतर अशा दुकानात.

या मालिकेच्या आधी बीबीसीची ‘अँटिक्स रोडशो’ होती. ती १९७९ पासूनची. लोक घरातल्या जुन्या वस्तू आणतात, जाणकार त्यांचं मोल सांगतो, लोक आनंदाने वस्तू घेऊन घरी जातात. तिथे विकत घेणारा कोणी नाही. हॅरिसन मंडळींनी समोर पैसे मोजणारा माणूस उभा केला आणि सगळा रंग बदलला. कारण किंमत ही एक गोष्ट नसतेच. विम्यासाठीची किंमत वेगळी, लिलावातली वेगळी आणि आज, आत्ता, रोख हातात पडेल ती वेगळी. तिसरी नेहमी सगळ्यांत कमी असते. ‘आत्ता’ या शब्दाची किंमत गिऱ्हाईक चुकवत असतं.

पण मला खरं बोलायचंय ते रिकच्या त्या प्रश्नाबद्दल. विकायची की गहाण ठेवायची? पडद्यावर तो औपचारिकपणे विचारला जातो. गहाणवटीचा मूळ इतिहास मात्र त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

१४६२ मध्ये इटलीतल्या पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रयत्नाने ‘मोंते दि पिएता’ नावाची संस्था निघाली. शब्दशः अर्थ ‘दयेचा डोंगर’. डोंगर म्हणजे इथे पैशाची रास. गरिबाने वस्तू ठेवावी, थोड्या व्याजाने पैसे न्यावेत, सोय झाली की वस्तू सोडवून न्यावी. ही दया निर्मळ होती असं नाही. याच संन्याशांपैकी काहींनी ज्यू सावकारांविरुद्ध विषारी प्रवचनं केली. शिवाय, व्याज घेणं हे पाप, मग धर्माच्या नावाने चाललेल्या संस्थेने ते कसं घ्यावं, यावर वाद माजला. शेवटी १५१५ मध्ये पोप दहावे लिओ यांनी खर्चापुरती रक्कम घ्यायला मान्यता दिली.

ही कल्पना युरोपभर पसरली. १७७७ मध्ये पॅरिसमध्ये अशी संस्था निघाली. फ्रेंच लोक तिला म्हणत ‘माझी मावशी’. इंग्रज म्हणत ‘अंकल’. घड्याळ कुठंय? मावशीकडे ठेवलंय! लाज झाकायला माणसं नात्याचं पांघरूण घेतात, हे पाहून मला हसूही आलं आणि गलबललंही. इंग्लंडच्या गिरणगावांत बायका सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट गहाण टाकत आणि शनिवारी पगार झाला की सोडवून आणत, म्हणजे रविवारी चर्चला घालता यावा. पुन्हा सोमवारी तोच सूट दुकानात. तिथे कसली घासाघीस! दुकानदाराला सूट पाठ, बाईला रक्कम पाठ.

आमच्या घरी हे घडलं आहे. माझ्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. मी बरोबर गेलो होतो. सराफाने पाटल्या काट्यावर टाकल्या, आकडा सांगितला, वडिलांनी मान डोलावली. एरवी वांग्यासाठी चार दुकानं फिरणारा माणूस तिथे एक शब्द बोलला नाही. पुढे मला नोकरी लागल्यावर पाटल्या सोडवून आणल्या. आईने त्या हातात घातल्या आणि स्वयंपाकाला लागली, बस्स. त्या विकल्या असत्या तर कदाचित जास्त पैसे आले असते. पण विकलेली वस्तू गेली ती गेली. गहाण ठेवलेल्या वस्तूवर नाव आपलंच राहतं. हे ‘आपलंच राहणं’ फार मोठं असतं, आणि त्यासाठी माणूस व्याज भरत राहतो.

तीही नेहमी परत येत नाही. हॅरिसन यांच्या दुकानात २००१ च्या हंगामातली एक सुपर बोल अंगठी आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या विजेत्या संघातल्या प्रत्येकाला अशी अंगठी मिळते, मिरवायला. तिच्या मालकाने, त्या संघातल्या खेळाडूने, ती गहाण ठेवली आणि मुदतीत सोडवली नाही. दुकानाला मिळालेली ती एक उत्तम वस्तू, प्रेक्षकांसाठी एक रंजक गोष्ट. त्या माणसाच्या हातून काय गेलं, त्याचा हिशोब वेगळा.

म्हणून मला वाटतं, ही मालिका बघताना गंमत जरूर घ्यावी, पण एक लक्षात ठेवावं. कॅमेऱ्यापुढे जे येतात त्यांतले बहुतेक ‘नको, राहू द्या’ म्हणून वस्तू काखोटीला मारून बाहेर पडू शकतात. पुष्कळदा पडतातही. घासाघिशीचं सगळं बळ त्या दरवाज्यात आहे. ज्याला उद्या भाडं भरायचंय किंवा औषध आणायचंय, त्याच्यासाठी तो दरवाजा आतून उघडत नाही. पेरुजाच्या संन्याशांनी साडेपाचशे वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं, आणि अशा माणसाला भाव नव्हे, मुदत द्यावी, एवढी साधी युक्ती काढली.

तुमच्याही घरात सोडवून आणलेली एखादी वस्तू असेल. नातवंडांना ती दाखवा, आणि ती किती तोळ्यांची आहे ते सांगण्याआधी ती कशासाठी ठेवली होती ते सांगा.